मनोरुग्णाच्या दारी प्रथम कोणी जावे?

घराला आग लागली तर अग्निशामक दल येते, अपघात झाला तर रुग्णवाहिका येते, चोरी झाली तर पोलिस येतात. परंतु एखाद्या व्यक्तीच्या मनाचा तोल अकस्मात ढळला, ती रस्त्यावर ओरडू लागली किंवा दार लावून घेऊन जीव देण्याची भाषा करू लागली, तर कोणाला बोलवावे? या प्रश्नाचे उत्तर अनेक देशांत वर्षानुवर्षे एकच होते : पोलिसांना. रात्री-अपरात्री हाकेला धावणारे दुसरे कोणी नसे, हे त्याचे साधे कारण. या व्यवस्थेचे परिणाम काय झाले आणि त्यावर काही शहरांनी कोणता मार्ग काढला, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

अमेरिकेत ही व्यवस्था फार महाग पडली. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या दैनिकाने २०१५ पासून पोलिसांच्या गोळीबारात मृत्यू पावलेल्यांची देशव्यापी नोंद ठेवली. तीत सुमारे पाचांपैकी एक व्यक्ती मनोविकाराने ग्रस्त असल्याचे दिसून आले. यात पोलिसांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पोलिसाचे शिक्षण आज्ञा देण्याचे आणि ती पाळली जाईल हे पाहण्याचे असते. भयाने ग्रासलेल्या, कानात भलतेच आवाज ऐकू येणाऱ्या माणसाला मात्र आज्ञेचा अर्थच लागत नाही. त्याचा विलंब हा अवज्ञेसारखा दिसतो, आवाज चढतात, आणि ज्याला औषधाची व धीराची गरज होती त्याच्यावर बळाचा प्रयोग होतो.

यावर पहिला उपाय निघाला तो पोलिसांनाच विशेष शिक्षण देण्याचा. मेम्फिस शहरात १९८८ मध्ये निवडक पोलिसांना चाळीस तासांचे प्रशिक्षण देण्याची पद्धत सुरू झाली व पुढे ती देशभर पसरली. ओरेगॉन राज्यातील युजीन या शहराने मात्र त्याच सुमारास निराळी वाट धरली. तेथील व्हाइट बर्ड क्लिनिक या संस्थेने १९८९ मध्ये शहराच्या सहकार्याने ‘काहूट्स’ नावाचे फिरते पथक सुरू केले. पथकात दोनच माणसे असत. एक परिचारिका किंवा तातडीच्या वैद्यकीय सेवेचा तंत्रज्ञ, आणि दुसरा संकटकाळी समुपदेशन करणारा कार्यकर्ता. त्यांच्याजवळ शस्त्र नसे व अटकेचा अधिकारही नसे. दूरध्वनी येताच नियंत्रण कक्षातील कर्मचारी प्रसंगाचे स्वरूप विचारून घेत. गुन्हा किंवा शस्त्राचा धोका असेल तर पोलिस जात. अन्यथा हे पथक जाई. जखम बांधणे, शांतपणे बोलणे, निवाऱ्यात किंवा रुग्णालयात पोहोचविणे, अशी त्यांची कामे असत.

२०१९ मध्ये या पथकाने सुमारे २४,००० हाकांना प्रतिसाद दिला; पोलिसांची कुमक मागविण्याची वेळ त्यांपैकी सुमारे दीडशे प्रसंगीच आली, असे संस्थेने नमूद केले आहे. तथापि आकड्यांचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. युजीनच्या पोलिस खात्याने २०२० मध्ये केलेल्या पाहणीत असे आढळले, की यातील पुष्कळ कामे पोलिसांकडे एरवीही गेली नसती. पोलिसांचा खरोखर कमी झालेला भार पाच ते आठ टक्के होता. म्हणजे या सेवेचे मोल केवळ पोलिसांच्या वाचलेल्या वेळात मोजून चालणार नाही. ज्यांच्याकडे पूर्वी कोणीच जात नव्हते, त्यांच्याकडे आता कोणीतरी जाऊ लागले, हेही फलितच होय.

डेन्व्हर शहराने जून २०२० मध्ये ‘स्टार’ हे अशाच धर्तीचे पथक सुरू केले. पहिल्या सहा महिन्यांतील ७४८ प्रसंगांत एकालाही अटक झाली नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, पथकाच्या क्षेत्रात किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी ३४ टक्क्यांनी घटल्या आणि गंभीर हिंसक गुन्ह्यांत वाढ आढळली नाही.

या कथेला दुसरी बाजूही आहे. एप्रिल २०२५ मध्ये युजीनमधील काहूट्सची सेवा बंद पडली. संस्थेला पैशाची चणचण भासू लागली, मनुष्यबळ घटले व शहराशी असलेला करार संपुष्टात आला. पस्तीस वर्षे नावाजलेले काम एका संस्थेच्या डळमळीत अर्थव्यवस्थेवर उभे होते. अग्निशामक दल कोणी देणग्यांच्या भरवशावर ठेवत नाही. ही सेवाही तितकीच नित्याची मानली, तरच ती टिकेल.

भारतात याचा संबंध थेट कायद्याशी येतो. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०० अन्वये, स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ अशी मनोरुग्ण वाटणारी व्यक्ती भटकताना आढळल्यास तिला संरक्षण देणे हे ठाणे अंमलदाराचे कर्तव्य आहे. तिला शक्य तितक्या लवकर, आणि उशिरात उशिरा चोवीस तासांच्या आत, जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत तपासणीसाठी नेले पाहिजे. कोणत्याही परिस्थितीत तिला कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे कलम ११५ गृहीत धरते. १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून रात्रंदिवस उपलब्ध आहे. मात्र ती मुख्यतः दूरध्वनीवरील समुपदेशनाची सेवा आहे. दारी येणाऱ्या माणसाची उणीव तिने भरून निघत नाही.

ती उणीव भरून काढण्याची पूर्वतयारी स्थानिक पातळीवर करता येण्याजोगी आहे. जवळच्या कोणत्या शासकीय रुग्णालयात अशा रुग्णाची तपासणी होते, रात्री वाहन कोठून मिळेल, आणि गावात शांतपणे बोलू शकणारी, थोडेफार प्रशिक्षण घेतलेली परिचारिका, आशा कार्यकर्ती वा शिक्षक कोण, या तीन गोष्टींची नोंद ग्रामपंचायतीच्या कार्यालयात व पोलिस ठाण्यात लावून ठेवण्यास मोठा खर्च येत नाही. शस्त्र किंवा जिवाचा धोका दिसल्यास पोलिसांनी पुढे व्हावेच. अन्य वेळी त्यांनी चार पावले मागे राहावे आणि पुढच्या माणसाला बोलू द्यावे. भांबावलेल्या मनुष्याला पहिल्या काही मिनिटांत जो चेहरा दिसतो, त्यावर तो रुग्णालयात जाईल की कोठडीच्या दाराशी, हे पुष्कळदा ठरत असते. तो चेहरा कोणाचा असावा, हे संकट येण्यापूर्वीच ठरविलेले बरे.