चाचांच्या बँजोवरचा राघू

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझा आणि गिटारचा तसा काही संबंध नाही. आमच्या पारोळ्यात मी तरुण होतो तेव्हा गिटार पाहायची ती सिनेमात, नायकाच्या गळ्यात. पण मागच्या महिन्यात भाचा मोबाईल घेऊन आला आणि म्हणाला, "मामू, ही गिटार बघा. रंग द्यायला लहान पोराला बसवलं होतं की काय?"

गिटार खरेच तशी दिसत होती. निळ्या, हिरव्या, केशरी, गुलाबी रंगांचे पट्टे आणि वेडीवाकडी अक्षरे. ती बीटल्स वाद्यवृंदातल्या जॉर्ज हॅरिसनची. फेंडर कंपनीची, मूळची फिकट निळी. १९६७ साली त्याने ती स्वतः रंगवली. चमकणारा रंग आणला, आणि वरच्या टोकाला चक्क बायकोचे नेलपॉलिश लावले. त्या दिवसांत ही मंडळी घरे रंगवत होती, मोटारी रंगवत होती, गिटारही त्यातच रंगली. पुढे तिचे नाव पडले 'रॉकी'. हाच हॅरिसन रविशंकरांकडे सतार शिकला आणि १९६८ च्या जानेवारीत मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत आपल्याकडच्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण करून गेला.

हॅरिसन २००१ मध्ये गेला. २०२० साली कंपनीने त्या गिटारच्या शंभर नकला काढल्या, मोजून शंभर. त्याआधी, २००७ मध्ये, एडी व्हॅन हेलन नावाच्या वादकाच्या गिटारच्या तीनशे नकला निघाल्या होत्या. त्याची मूळ गिटार म्हणजे स्वस्तातला, थोडा खोट असलेला लाकडी सांगाडा. त्यावर त्याने चिकटपट्ट्या लावून सायकलचा रंग मारला होता. नकलेची किंमत पंचवीस हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने दहा लाख रुपयांच्या आसपास. पैसे देणाऱ्याला काय मिळत होते? तेच पट्टे, तेच ओरखडे, सिगारेटचे तेच डाग. मूळ गिटारवर १९७१ सालचे एक नाणे ठोकलेले होते, तेही नकलेवर ठोकलेले. सिगारेट न ओढता तिचा डाग पाडणारा कारागीर मला फार थोर वाटतो.

(आमच्या कवितासंग्रहाच्याही पाचशेच प्रती निघतात. त्यातल्या तीनशे घरीच असतात. त्याला मात्र कोणी 'मर्यादित आवृत्ती' म्हणत नाही.)

आपल्याकडे वाद्याची सजावट हे बनवणाऱ्याचे काम. मिरजेला जाऊन पाहा. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तिथे सतार-तंबोरे करायला घेतले, त्याला दीडशे वर्षांहून जास्त काळ लोटला. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. भोपळ्यावरची वेलबुट्टी, पूर्वीचे हस्तिदंती आणि आताचे प्लास्टिकचे जडावकाम, सगळे कारागिराच्या हातचे. वादक त्यावर ब्रश चालवायला धजत नाही. शिवाय तंबोऱ्याचा भोपळा नादासाठी असतो. इलेक्ट्रिक गिटारचे तसे नाही. ती बहुधा भरीव लाकडाची. पोलादी तार थरथरते, तिच्याखालचे चुंबक आणि वेटोळे ती थरथर विजेत पकडते आणि आवाज येतो तो स्पीकरमधून. तेव्हा लाकडाच्या त्या सपाट पाठीवर काय रंगवायचे ते रंगवा. जिमी हेंड्रिक्सने तर १९६७ साली स्वतः रंगवलेली गिटार मंचावरच पेटवून दिली.

भाच्याला हे सगळे ऐकवत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे मात्र एक वेगळेच वाद्य होते.

माझे धाकटे चाचा पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे 'हॉर्न ओके', निवडणुकीच्या भिंती. लग्नसराईत ते बँडमध्ये बँजो वाजवत. बँजो म्हणजे गोल, चामडे ताणलेला विलायती बँजो नव्हे. आपला बँजो म्हणजे बुलबुल तरंग: लांबट लाकडी पेटी, वर तारा, आणि टाईपरायटरसारखी बटणे. हे वाद्य मूळचे जपानी. नागोया शहरात मोरिता गोरो या माणसाने १९१२ साली ते तयार केले आणि बटणांची कल्पना त्याने टाईपरायटरवरूनच उचलली. ते आपल्याकडे आले, रुळले, आणि त्याला पिकअप बसवून तार स्पीकरला जोडली की वरातीत बँडच्या पितळी कल्लोळातही ऐकू जाऊ लागले. म्हणजे आमच्या चाचांचे वाद्यही इलेक्ट्रिकच!

ते त्यांनी स्वतः रंगवले होते. पाटीचे उरलेले ऑइलपेंट. एका बाजूला पारोळ्याचा किल्ला, खंदकासह. दुसऱ्या बाजूला आंब्याची डहाळी आणि तीवर राघू. राघूला चोच होती, गळ्याला लाल कंठी होती. डोळा नव्हता. आमच्या दादाजानांना जिवंत प्राण्याचे चित्र घरात चालत नसे. चाचांना राघू तर हवा होता. मग दोघांत तडजोड झाली, डोळा काढायचा नाही. डोळा नाही म्हणजे जीव नाही. बँडवाले सोबती चिडवत, "चाचा, तुमचा राघू आंधळा शे!" चाचा म्हणत, "त्याला कुठे वरात बघायचीय? तो ऐकतो."

१९८९ ची गोष्ट. मी बीएला होतो, कविता छापून यायला लागली होती आणि स्वतःविषयी मोठा गैरसमज होता. कॉलेजातल्या एका मित्राच्या भावाची वरात पारोळ्यात निघाली. हातगाडीवर स्पीकर, जनरेटर, आणि बँजो घेऊन चाचा. अंगात बँडचा लाल कोट, तोही दुसऱ्याच्या मापाचा. त्यांनी मला पाहिले आणि बटणांवरचा हात क्षणभर उचलला. मी समोरच्या दुकानाची पाटी वाचू लागलो. ती पाटीही त्यांनीच रंगवलेली होती.

माझा मित्र गाडीजवळ गेला आणि कौतुकाने म्हणाला, "चाचा, हाई चित्र कोन्ही काढं?"

"मीच," चाचा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. आमचे नाते त्यांनी सांगितले नाही. मीही नाही.

रात्री ते उशिरा घरी आले. लग्नघरातून मिळालेला बुंदीचा पुडा माझ्या वहीवर ठेवला आणि झोपायला गेले. त्यावर ते कधी काही बोलले नाहीत. मीही माफी मागितली नाही. घरात अशा माफ्या मागायची पद्धत नव्हती, हे खरे. पण ती सबब झाली.

२००३ मध्ये चाचा गेले. बँजो मी बँडमधल्याच एका होतकरू पोराला देऊन टाकला. मनातले ओझे उतरावे म्हणून दिला असणार. त्याने त्यावर चकाकणारे रेडियमचे स्टिकर चिकटवले, आपले नाव टाकले. त्यात चूक काही नाही. वाद्य ज्याचे, नाव त्याचे. पुढे डीजे आला, बँडची कामे आटली, पोरगा कामाला सुरतेला गेला. मागच्या वर्षी त्याच्या आईने बँजो परत आणून दिला. म्हणाली, "घर्मा जागा नही, भाऊ."

स्टिकर काढताना त्यांच्याबरोबर रंगही निघाला. किल्ल्याचा एक बुरूज गेला, राघूची शेपटी गेली. डोके तेवढे शाबूत आहे.

गिटारची कहाणी ऐकून झाल्यावर भाचा म्हणाला, "मामू, आपणही करू की. जुना एखादा फोटो शोधा, मी हुबेहूब रंगवून देतो." पोराचा हात चांगला आहे, आजीच्या माहेरचा गुण. फोटो नाही. बँडवाल्यांचे फोटो कोण काढतो? लग्नाच्या अल्बममध्ये असलेच तर नवरदेवाच्या घोड्यामागे, अर्धे कापलेले. त्या मित्राकडे अल्बम असेल, पण त्याला विचारायचे तर आधी ते चाचा माझे कोण हे सांगावे लागेल.

मी परवा त्याला फोन केला. सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अल्बम धुळ्याला आहे, रविवारी घेऊन येतो."

तोवर भाच्याने तारा बदलल्या, पिकअपची तुटलेली वायर जोडली. बँजो वाजतो. दोन बटणे अडकतात. रंगाचे डबेही त्याने आणून ठेवलेत. काल विचारत होता, "मामू, राघूला डोळा काढू की नको?"

मी अजून उत्तर दिलेले नाही. ब्रश टर्पेंटाईनमध्ये भिजत पडला आहे.