आधी आजारपणाचा खाडा बंद करा



स्वागत समितीच्या वतीने कृष्णाकाठी आपलं मनःपूर्वक स्वागत. अशा वेळी स्वागताध्यक्षाने आपल्या मुलखाची थोरवी गावी, अशी रीत आहे. प्रतिसरकार इथलं, सहकारही इथे फोफावला. आपण ते जाणताच. मी ऊस पिकवणारा शेतकरी, तेव्हा फडातलंच बोलतो.

ऊसतोड कामगारांच्या आरोग्याचा विषय निघाला की सगळ्यांना बीड आठवतं. माणूस बीडचा खरा, पण त्याचं मनगट मोडतं ते आमच्या शेतात. म्हणून ही परिषद ऐन हंगामात आणि इथेच घ्यायची, असा आमचा हट्ट होता.

कारखान्याच्या फाटकाच्या आत कामगारांच्या सुरक्षेचा कायदा लागू आहे. यंत्राला जाळी, भिंतीवर प्रथमोपचाराची पेटी, तपासायला निरीक्षक. फाटकाबाहेर तोच ऊस ट्रकवर कसा चढतो, ते बघा. रात्री दोनला गाडी फडात येते. तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन बाई दवानं निसरड्या झालेल्या फळीवरून वर जाते. खाली पाचटावर तिचं पोर झोपलेलं असतं आणि चालक अंधारात गाडी मागे घेत असतो. यात अपघात होत नाही, तो दिवस नशिबाचा.

पण माझ्या मते मुळाशी आहे तो खाडा, म्हणजे कामाचा चुकलेला दिवस. उचल दिवाळीआधीच घेऊन खर्ची पडलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळे बाईला ताप आला तरी कोयता अर्धा राहतो. मजुरी बुडते ती बुडते, वर खाड्याचा दंड. मग दवाखाना हंगाम संपेपर्यंत लांबतो. ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, याच्या चौकशीसाठी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या अहवालानुसार बीडच्या पाहणीतल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यात काही डॉक्टरांचा धंदाही आला, नाही असं नाही. पण कोपीजवळ संडास नाही, अंघोळीला आडोसा नाही, आणि दुखणं अंगावर काढल्याशिवाय गत्यंतर नाही, अशी बाई ‘एकदाची कटकट मिटू दे’ म्हणाली तर तिला दोष कोण देणार?

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे, तपासणीची शिबिरंही होतात. व्हावीत. मात्र चिठ्ठीवर लिहिलेली विश्रांती घ्यायची कधी, हे त्या शिबिरात कुणी सांगत नाही. हातमोजे, गमबूट, फडात दिवे यांचे ठराव आज होतीलच. त्यांच्याही आधी आजारपणाचा आणि बाळंतपणाचा खाडा बंद करण्याचा ठराव घ्यावा, आणि त्या दिवसांचा भार कारखान्याने, मुकादमाने आणि आम्ही शेतकऱ्यांनी वाटून घ्यावा. ऊस नेणाऱ्या गाडीच्या चालकाला द्याव्या लागणाऱ्या ‘एंट्री’च्या पैशांवरून आम्ही गावभर भांडतो. फळीवरून पडलेल्या माणसाला दवाखान्यात कुणी न्यायचं, यावर मात्र एकदाही भांडलेलो नाही.

पहिल्या सत्रात आधी टोळीतल्या महिला बोलतील, मग तज्ज्ञ. या महिलांची आजची मजुरी स्वागत समितीने दिली आहे आणि खाडा लावणार नाही, असं मुकादमांनी काल लिहून दिलं आहे. जेवण दीडला आहे. ताई, या, माईक घ्या.