चरबीचे निरोप आणि मूत्रपिंड

(महिला कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



'वजन' हा शब्द काढला की आपल्यातल्या निम्म्या जणी पदर सावरून बसतात. लग्न जमवताना, बाळंतपणानंतर, दवाखान्यात, सगळीकडे बायकांनी आपल्या शरीरावरून टोमणे ऐकले आहेत. म्हणून आपण ठरवले की कोणाच्या आकारावरून बोलायचे नाही. ते बरोबरच आहे. पण टोमणे नाकारताना आपण माहितीही नाकारू नये, एवढ्यासाठी आजचे हे बोलणे.

चरबी म्हणजे शरीराच्या कोठीत साठलेले जास्तीचे अन्न, असे आपण समजतो. शास्त्रज्ञही बराच काळ तसेच समजत होते. १९९४ साली अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला लेप्टिन हे संप्रेरक सापडले. ते चरबीच्या पेशीच तयार करतात आणि रक्तात सोडतात. म्हणजे चरबी ही नुसती कोठी नाही. ती शरीरभर निरोप धाडते, आणि ते मूत्रपिंडापर्यंतही पोहोचतात.

आपल्या एकेका मूत्रपिंडात साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक रक्तात परत जातो, दीड-दोन लिटर लघवी होते. प्रत्येक गाळणीला बाहेरून बोटे गुंफल्यासारख्या पेशी बिलगलेल्या असतात. त्यांना पोडोसाइट म्हणतात. रक्तातली प्रथिने लघवीत निसटू नयेत म्हणून त्या राखण करतात. त्या मेल्या, तर त्यांची जागा सहजासहजी भरून येत नाही.

वजन वाढले की गाळायचे काम वाढते, गाळण्या मात्र वाढत नाहीत. त्यांची संख्या जन्माच्या वेळीच ठरलेली असते. कमी वजनाच्या बाळात ती बहुधा कमीच असते. म्हणजे अर्धपोटी राहिलेल्या आईची मुलगी जन्मतःच थोडी भांडवलात कमी पडते, आणि पुढे वजन वाढले तर तिच्या मूत्रपिंडावर दुहेरी भार येतो.

आता निरोपांकडे येऊ. चरबीच्या पेशी अँजिओटेन्सिनोजेन नावाचे प्रथिन बनवतात. त्यापासून तयार होणारे अँजिओटेन्सिन-दोन गाळणीतून बाहेर जाणारी रक्तवाहिनी आवळते. त्यामुळे गाळणीत दाब वाढतो, शरीर मीठ धरून ठेवते आणि रक्तदाब चढतो. जादा लेप्टिनही रक्तदाबाला हातभार लावते. शिवाय ते गाळणीत टीजीएफ-बीटा नावाच्या रेणूचे काम वाढवते, आणि त्यातून जखमेच्या वणासारखे घट्ट तंतू साठू लागतात. अ‍ॅडिपोनेक्टिन हा मात्र चांगला निरोप. तो पोडोसाइटना सांभाळतो. पण चरबी वाढते तसा तोच कमी होतो. त्यात टीएनएफ-आल्फासारख्या रेणूंमुळे शरीरात मंद दाह धुमसत राहतो, इन्सुलिन नीट लागू पडत नाही आणि मधुमेहाची वाट मोकळी होते.

पोटाच्या आत साठणारी चरबी यात जास्त त्रासदायक. म्हणून काट्याइतकीच मोजपट्टीही महत्त्वाची. भारतीय बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटीमीटर किंवा जास्त असेल, तर तपासणी करून घ्यावी. जाड बाईचे मूत्रपिंड बिघडतेच असे नाही, आणि मधुमेह असलेल्या बारीक बाईचेही बिघडू शकते. म्हणून नुसते बघून निदान करू नये.

हे सगळे होत असताना काही दुखत नाही. क्रिएटिनिनचा आकडाही फसवतो. तो स्नायूंच्या प्रमाणावर अवलंबून असतो आणि बायकांत स्नायू कमी असतात. त्यामुळे मूत्रपिंडाचे काम घटलेले असतानाही आकडा ठीक दिसू शकतो. म्हणून वय आणि लिंग धरून काढलेला गाळणीचा वेग मागा. लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी मागा. पोडोसाइट हरू लागल्या की बहुधा तिथेच पहिली खूण दिसते.

पण तपासणी होते कोणाची? 'वजन कमी करा' एवढे ऐकवून बाईला घरी पाठवले जाते. भारतात १९९५ ते २०२१ या काळात ३६,६४० अवयवरोपणे झाली. त्यांतली २९,००० हून अधिक पुरुषांवर झाली आणि ६,९४५ बायकांवर. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र बायकाच जास्त. द्यायच्या वेळी बाई पुढे, घ्यायच्या वेळी मागे!

आणि वजन वाढते ते आळसाने, हे कोणी ठरवले? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के बायका जास्त वजनाच्या आढळल्या, आणि ५७ टक्के बायकांना रक्तक्षय होता. पोट भात-पोळीने भरते. डाळ, भाजी, दूध इतरांच्या ताटात जाते. फिरायला सुरक्षित रस्ता नाही, स्वतःचा म्हणून वेळ नाही. मग दोष एकट्या बाईचा कसा?

तेव्हा गटात परतल्यावर एवढे करा. बैठकीत मोजपट्टी आणि रक्तदाबाचे यंत्र ठेवा. ज्यांना रक्तदाब किंवा मधुमेह आहे, ज्यांचा गरोदरपणी रक्तदाब वाढला होता, ज्यांचा घेर जास्त आहे, त्यांची लघवी वर्षातून एकदा तपासून घ्या. अँजिओटेन्सिनला अडवणाऱ्या गोळ्या मूत्रपिंडाला आधार देतात, पण गरोदरपणात त्या चालत नाहीत. दिवस राहण्याची शक्यता असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. मनाने गोळ्या घेऊ नका, बंदही करू नका. आणि सरकारी दवाखान्यात ही तपासणी मिळत नसेल, तर एकटीने परत येऊ नका. पुढच्या वेळी दहाजणी मिळून जा.

२०१८ साली जागतिक मूत्रपिंड दिन नेमका ८ मार्चला आला होता. त्या वर्षी त्याचा विषयही बायकांचे आरोग्य हाच होता. दरवर्षी असा योग येणार नाही. पण ८ मार्चच्या आपल्या मागण्यांत ही एक तपासणी आपल्याला दरवर्षी घालता येईल.