डावखुऱ्या बाईचा लॅपटॉप

साधारण दहा माणसांत एक जण डावखुरा असतो. मुलगा डावखुरा निघाला तर फलंदाज म्हणून कौतुक होते. मुलीच्या बाबतीत मात्र ‘डाव्या हाताने वाढशील, सासरी काय म्हणतील?’ असे म्हणत हातावर फटका बसतो. हीच मुलगी पुढे बचत गटाचे हिशेब करायला लॅपटॉपसमोर बसते, उजव्या हाताने अडखळते आणि ‘मला नाही जमत’ म्हणून उठून जाते.

टचपॅडचे मुख्य बटण डावीकडे ठेवलेले असते, कारण तिथे उजव्या हाताची तर्जनी पडते. ते बदलता येते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस, मग माउस असे जा आणि ‘प्रायमरी माउस बटन’पुढे ‘राइट’ निवडा. दोन्ही बटणांच्या कामाची अदलाबदल होते.

‘लॅपटॉप सगळ्यांचा, एकीसाठी कसा बदलायचा?’ असे कोणी म्हणेल. प्रत्येकीचे यूजर अकाउंट वेगळे करा. हा बदल तिच्यापुरताच राहतो.

म्हणून संगणकाचे शिबिर घ्याल तेव्हा पहिल्याच दिवशी प्रत्येकीला विचारा: बाई, तुमचा चालता हात कोणता?