वेत कीं वाळुंज?

'वीमेन' या एका लॅटिन शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधतांना माझ्या हातून चूक झाली; ती आज सांगावयाची आहे.

इ. स. पूर्व ५७ मध्यें सीझरनें गॉलमधील अदुआतुकी लोकांच्या नगरास वेढा घातला. त्यांनीं शरण येऊन शस्त्रें टाकलीं, पण तिसरा हिस्सा लपवून ठेवला, आणि त्याच रात्रीं ते रोमनांवर तुटून पडले. त्यांच्या कांहीं ढाली झाडाच्या सालीच्या, कांहीं 'वीमेन' विणून केलेल्या, वर घाईघाईनें कातडें चढविलेल्या होत्या, असें सीझर लिहितो. सुमारें ४,००० माणसें पडलीं. उरलेलीं ५३,००० गुलाम म्हणून विकलीं गेलीं.

माझ्या भाच्यानें भाषांतरांत 'वेताच्या ढाली' असें लिहिलें. मीं तांबड्या शाईनें तें खोडलें. वेत उष्ण प्रदेशांतला. गॉलमध्यें तो कोठून येणार? तेथें नदीकांठीं विलो वाढतो, म्हणून आपल्याकडील त्याचा भाऊबंद जो वाळुंज, त्याचें नांव मीं ऐटींत वर लिहिलें.

पुढें बिरवाडीस एका बुरुडाकडे टोपली घेतांना मीं सहज विचारलें, "बांबू नसला तर?" तो म्हणाला, "जें वळंल तें घ्यायचं, गुरुजी. मोडलं नाही म्हणजे झालं."

घरीं येऊन कोश उघडला. 'वीमेन' हें झाडाचें नांवच नव्हे! गुंफणें, वळणें या अर्थाच्या धातूपासून तो शब्द झाला. विणतां येईल अशी कोणतीही लवचिक डहाळी म्हणजे वीमेन. संस्कृत 'वेतस' त्याच घराण्यांतला, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. ग्रीकांचा 'इतेआ' हा शब्द तर विलोलाही लागतो आणि त्याच्या विणलेल्या ढालीलाही. म्हणजे भाच्याची वनस्पति चुकली, पण कान चुकला नव्हता. माझें मात्र दोन्ही चुकलें.

हा भेद क्षुल्लक नाहीं. वेताची ढाल म्हटली कीं निवांत बसून काम करणारा कारागीर डोळ्यांपुढें येतो. डहाळ्यांची म्हटली, कीं वेढ्यांत सांपडलेलीं, हातीं येईल तें विणणारीं माणसें दिसतात.

आमच्या तालुक्याशेजारीं, पोलादपुराकडे, तानाजीची समाधि असलेलें उमरठ आहे. १६७० सालीं कोंढाण्यावर त्याची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाहीं, तेव्हां त्यानें डाव्या हातावरच वार झेलले, असें सभासद सांगतो. ती ढाल कशाची होती, हें तेथें कोणी विचारीत नाहीं.

भाच्याच्या वहींत आतां 'लवचिक डहाळ्यांच्या ढाली' असें आहे. वाळुंज मीं त्याच तांबड्या शाईनें खोडला.