कृतीतून शिक्षण आणि ग्रंथालय
(शताब्दी महोत्सवानिमित्त शनवारा, बऱ्हाणपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयात ग्रंथांच्या थोरवीवर बोलावे, असा रिवाज आहे. आज मी ग्रंथांकडे मुलांच्या बाजूने पाहणार आहे. ‘कृतीतून शिक्षण’ हा विषय शाळेचा आणि अध्यापकांचा, असे आपण मानतो. माझे प्रतिपादन असे, की बऱ्हाणपुरात मराठीपुरते तरी हे कार्य शाळेपेक्षा ग्रंथालयाला अधिक साधणारे आहे. ते आपण हाती घेतले नाही, तर या कपाटांतील मराठी पुस्तकांना पुढच्या पिढीत वाचक मिळणे कठीण आहे.

प्रथम संज्ञेचा अर्थ स्पष्ट करू. रंगीत कागद कापून चिकटवला, तक्ता भिंतीला लावला, म्हणजे कृतियुक्त अध्यापन झाले, अशी समजूत रूढ आहे. त्यात हात चालतो. बुद्धी चालतेच असे नाही. कृतीची कसोटी साधी आहे. काम सुरू करताना विद्यार्थ्याजवळ उत्तर नसावे आणि काम संपताना ते त्याने स्वतः मिळवलेले असावे. वाटेत चूक झाली, तर ती त्याला हातातल्या कामातूनच कळावी. शिक्षकाच्या लाल शाईची वाट पाहावी लागू नये.

या विचाराची आपल्याकडील परंपरा समृद्ध आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली, तेव्हाच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यात, बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून शंखशिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. लहान मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसले, तेव्हा शाळाच वस्तीच्या अंगणात गेली. थोरली मुले गुरे राखायला जातात असे दिसले, तेव्हा ती त्यांच्यामागे कुरणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर रूढ आहे. ‘कुरणशाळा’ हा शब्द मात्र आपण विसरत चाललो आहोत. मूल येत नसेल, तर दोष मुलाचा न मानता संस्थेने आपली जागा आणि वेळ तपासावी, हा कोसबाडचा धडा आहे.

दुसरे उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ साली होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम जिल्ह्यातील १६ शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक प्रयोग आरंभिला. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक वर्गांत, म्हणजे सहावी ते आठवीत पोहोचला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने तो पुढे चालवला. ‘बाल वैज्ञानिक’ हे त्याचे पाठ्यपुस्तक. त्यात तयार उत्तरे फारशी नसत. प्रयोग आणि प्रश्न असत. एकच लांबी अनेक मुलांनी मोजायची, प्रत्येकाचे माप थोडे वेगळे येते हे पाहायचे आणि तसे का होते यावर वर्गात चर्चा करायची. मापन ही अंदाजाची गोष्ट आहे, हे तत्त्व व्याख्या पाठ करून असे ठसले नसते. परीक्षेला पुस्तक व वही जवळ ठेवण्याची मुभा होती, कारण पाहायची होती ती विचारशक्ती. ‘सवालीराम’ या कल्पित पात्राला मुले पत्रे लिहून आपल्या शंका विचारीत.

हा कार्यक्रम पुढे सुमारे एक हजार शाळांपर्यंत गेला आणि २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. त्या निर्णयाच्या गुणदोषांत मी येथे शिरत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. तीन दशके रुजलेली पद्धतीही शाळेत अभ्यासक्रम, परीक्षा आणि शासकीय आदेश यांच्या आधीन असते. ग्रंथालयाला यांपैकी कशाचेच बंधन नाही. आपल्याकडे नापास कोणी होत नाही, हे आपले भाग्यच म्हणायचे.

गुजरातचे गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील कल्पित शिक्षक मुलांना प्रथम गोष्टी सांगतो आणि पाठ्यपुस्तकांसाठीच्या पैशांतून वर्गाचे छोटेसे वाचनालय उभे करतो. गोष्टीची गोडी लागली, की मुले आपणहून पुस्तकाकडे वळतात. कृती आणि ग्रंथ यांचे वैर नाही. प्रश्न पडलेल्या माणसालाच पुस्तकाची खरी गरज भासते.

आता आपल्या शहराकडे येऊ. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हा भाग नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता आणि मराठीला राज्यकारभारात स्थान होते. आज येथील मराठी घरांतील मूल घरी मराठी बोलते आणि शाळेत हिंदी किंवा इंग्रजीतून शिकते. देवनागरी त्याला येते. अडते ते पुढेच. ‘कमळ’ ते ‘कमल’ वाचते, ‘चमचा’ आणि ‘चंद्र’ यांतील च एकाच प्रकारे उच्चारते. वाचायला येत असून वाचन होत नाही, अशी ही विलक्षण अवस्था आहे. आईवडील त्यावर पाठांतर सुचवतात. मी तीन कामे सुचवतो.

पहिले काम शब्दवहीचे. दोन्ही भाषांत दिसतात सारखे, पण अर्थाने भिन्न, असे शब्द मुलांनी गोळा करावेत. हिंदीत ‘संसार’ म्हणजे जग, मराठीत घरप्रपंच. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे विद्या, मराठीत दंड. आपल्या पुष्कळ वर्गांनी हे दोन्ही अर्थ एकत्र नांदवले आहेत! अशा शब्दांच्या शोधात मूल कोश उघडते, आणि कोश उघडण्याची सवय हीच अर्धी विद्या होय.

दुसरे काम शिलालेखाचे. येथील जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. त्यात विक्रम संवत १६४६ आणि शक १५११ असा काळ दिला असून महिना पौष आहे. मुलांना इसवी सन काढायला सांगावा. संवतातून ५७ वजा केले, तर १५८९. शकात ७८ मिळवले, तरी १५८९. दोन वाटांनी एकच उत्तर आले, म्हणजे मुले निश्चिंत होतील. मग विचारावे : पौष कोणत्या इंग्रजी महिन्यांत येतो? पौष जानेवारीत पोहोचला, तर इसवी सन बदलतो, आणि या लेखाचा काळ १५९० च्या जानेवारीत जातो. पंचांग, गणित आणि इतिहास एका भिंतीपाशी भेटतात. त्यानंतर फारुकी राजवटीवरील पुस्तक मुलाच्या हाती दिले, तर ते वाचले जाईल. १६१५ च्या सुमारास बांधलेल्या कुंडी भंडाऱ्याचेही तसेच. पाणी उपसण्याचे यंत्र नसताना सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी शहरापर्यंत केवळ उतारावर कसे आले, हे मुलांनी नळी आणि दोन भांडी घेऊन आधी करून पाहावे.

तिसरे काम मुलाखतींचे. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांकडून माग, केळीची शेती, तापीचे पूर, लग्नातील चालीरीती यांविषयीचे शब्द आणि हकिकती मुलांनी मराठीत लिहून आणाव्यात. त्यांचे हस्तलिखित याच ग्रंथालयात नोंदणी क्रमांक घालून ठेवावे. आपण लिहिलेले पुस्तक कपाटात आहे, हे ज्या मुलाला ठाऊक आहे, ते त्या कपाटाकडे पुन्हा येईल.

आक्षेप येतील. ग्रंथालयात शांतता हवी, पुस्तके फाटतील, वेळ फार जाईल. यांतील तिसरा आक्षेप खरा आहे. या पद्धतीने एका महिन्यात फार थोडे ‘शिकवून’ होते, हे मान्य केले पाहिजे. जे शिकले जाते ते टिकते, एवढाच तिचा दावा आहे. शांततेसाठी आठवड्यातील दोन तास वेगळे काढता येतील. पुस्तके वाचकाच्या हातून फाटतात, तशी वाळवीनेही जातात. यांपैकी कोणता शेवट पसंत करायचा, हे कार्यकारिणीने ठरवावे.

खर्च अल्प आहे. एक टेबल, मुलांच्या उंचीचे एक उघडे कपाट, काही कोश आणि आठवड्याला दोन तास देणारा एक सभासद. आश्रयदात्यांनी एखादे कपाट देण्याऐवजी या वर्षी हे दोन तास द्यावेत, अशी माझी विनंती आहे. आपल्या पूर्वसूरींनी ज्या गावात हे ग्रंथालय उभारले, तेथे मराठी वाचक तयार मिळत होता. आपल्याला तो घडवावा लागेल. शंभर वर्षांचा वारसा सांगणाऱ्या संस्थेने एवढे दायित्व स्वीकारावे.