शेळीची सोयरीक



घरात मुलीचं लग्न ठरवायचं म्हटलं की आपण काय काय विचारतो! कुळी कोणती, देवक कोणतं, भावकी तर लागत नाही ना. चार गावं पालथी घालतो, मग होकार देतो. आणि शेळी माजावर आली की? जवळ जो बोकड दिसेल त्याच्याकडे नेऊन भरवून आणतो. तो कुठून आला, त्याची आई कोण, आपल्याच शेळीचा भाऊ तर नाही ना, हे कुणी विचारत नाही. आज आपण त्याबद्दल बोलणार आहोत.

हा विषय आमच्या गटांच्या बैठकीतून निघाला. बीड जिल्ह्यात बचत गटाचं कर्ज घेतलं की पहिली खरेदी बहुतेक वेळा शेळीचीच होते. दसरा झाला की आपल्यातल्या कितीतरी जणी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मागे म्हातारी माणसं आणि शेळ्या राहतात. दवाखाना निघाला, शाळेची फी आली, तर शेळीच विकली जाते. एका बैठकीत दोन-तीन जणींनी सारखंच सांगितलं: पूर्वी जुळी व्हायची, आता एकच करडू होतं, तेही किरकोळ. चारा तोच, माणसं तीच, मग बिघडलं कुठे? कारणं अनेक असतात, रोग, जंत, दुष्काळ. पण एक कारण आपण कधी बघतच नाही, ते म्हणजे रक्ताचं नातं.

आपली शेळी म्हणजे उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव आता धाराशिव झालं, पण शेळीची जात उस्मानाबादीच म्हणून नोंदलेली आहे. धाराशिव, लातूर, सोलापूर, परभणी, बीड हा तिचा मुलूख. उन्हात मैलोन्‌मैल चालणारी, बाभळीच्या शेंगांवर आणि बोरीच्या पाल्यावर भागवणारी, जुळी देणारी. बहुतेक काळी असते, पण पांढरी, तांबडी आणि ठिपक्यांचीही असते. म्हणून बाजारात व्यापारी म्हणतो, ‘काळी आहे म्हणजे उस्मानाबादीच’, ते खरं धरू नका. नुसत्या रंगावर जात ठरत नाही.

मग कशावर ठरते? आधी निसर्गाचं कुंपण समजून घेऊ. धनगराच्या कळपात शेळ्या आणि मेंढ्या एकत्र चरतात, एकाच वाड्यात बसतात. तरी शेळीला मेंढरू होत नाही. गाय आणि म्हैस एकाच गोठ्यात बांधल्या तरी त्यांची संकर पैदास होत नाही. प्रत्येक प्राण्याच्या पेशीत गुणसूत्रं असतात, म्हणजे आईबापांकडून आलेले गुण ज्यात साठवलेले असतात ते धागे. शेळीची गुणसूत्रं 60, मेंढीची 54. गायीची 60, आपल्या म्हशीची 50. जोडी जुळत नाही, म्हणून गर्भ धरत नाही, किंवा धरला तरी सहसा टिकत नाही. घोड्याची 64 आणि गाढवाची 62. त्यांच्यापासून खेचर होतं, पण त्याची 63. विषम आकडा, जोड्या लागत नाहीत, म्हणून खेचराला पुढे पिल्लू होत नाही. नुसता आकडा सारखा असून भागतही नाही. गाय आणि शेळी दोघींची 60, पण त्यांची माहिती इतकी वेगळी की त्या एकमेकींपासून कायमच्या तुटलेल्या. अशा वेगळ्या गटांना प्रजाती म्हणतात. ही कुंपणं निसर्गाने घातली आहेत, ती राखायला आपल्याला रात्री जागावं लागत नाही.

पण उस्मानाबादी, संगमनेरी, सिरोही, जमनापारी, आफ्रिकेची बोअर, या सगळ्या एकाच प्रजातीच्या. साधारण दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणसाने रानबकऱ्या पाळल्या, त्यांचीच ही लेकरं. त्यांच्यात निसर्गाचं कुंपण नाही. कुठलाही बोकड कुठल्याही शेळीला चालतो. म्हणजे जातीचं कुंपण आपण घालतो. आपल्या सासू-आजेसासूंनी पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळात जी तगली तीच ठेवली, त्यातून ही शेळी घडली. ते कुंपण मोडायला दोन-तीन पिढ्या पुरतात.

आता शास्त्रज्ञ काय करतात ते सांगतो. राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही संस्था 1984 मध्ये सुरू झाली, ती हरियाणात कर्नालला आहे. देशातल्या गायी-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांच्या जातींची नोंदणी तिथे होते. दोनशेहून जास्त जाती नोंदल्या आहेत. जात तपासायची असेल तर गावोगावच्या जनावरांचं थोडं रक्त घेतात, आणि मुद्दाम एकमेकांची नातलग नसलेली जनावरं निवडतात. रक्तातला डीएनए काढून ठरावीक ठिकाणच्या खुणा वाचतात. अर्ध्या खुणा आईकडून, अर्ध्या बापाकडून आलेल्या असतात. त्यावरून कळतं की ही जात दुसरीपेक्षा किती वेगळी आहे, तिच्यात बाहेरचं रक्त किती मिसळलं आहे, आणि आतल्या आत किती विविधता शिल्लक आहे. डोळ्याला दोन काळ्या शेळ्या सारख्या दिसतात, डीएनए त्यांची वंशावळ सांगतो.

ही विविधता कशाला हवी? आपल्याच राज्यातलं उदाहरण बघा. सातारा जिल्ह्यातल्या फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. आपली दख्खनी मेंढी काटक, पण बहुतेकदा एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनात गरोल नावाची अगदी बुटकी मेंढी आहे, ती दोन-दोन, तीन-तीन कोकरं देते. तिच्यात एक जनुक आहे, फेक-बी नावाचं. तेच जनुक ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेंढ्यांतही सापडलं. अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालहून तिकडे मेंढ्या गेल्या होत्या. फलटणच्या संस्थेने ते एक जनुक दख्खनी मेंढीत आणलं आणि जुळी देणारी ‘नारी सुवर्णा’ तयार केली. अडचण अशी होती की नर काही वीत नाही, मग त्याच्यात जनुक आहे हे कळणार कसं? त्याच्या लेकी विण्याची वाट बघायची? 2001 मध्ये ते जनुक नेमकं ओळखता आलं आणि थोड्याशा रक्तावर चाचणी करणं शक्य झालं.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. बुटकी म्हणून गरोल मेंढी कुणी संपवली असती, तर हे जनुक आपल्या हाती आलंच नसतं. आणि फलटणला बाहेरचा एक गुण घेतला, आपल्या मेंढीचा काटकपणा राखून. सरसकट मोठा परदेशी नर आणून कळप बदलला नाही. बैठकीत एक ताई म्हणाल्या, ‘राजस्थानी बोकडाची करडं वजनाला भरतात, मग आपली जात जपून काय मिळणार?’ प्रश्न रास्त आहे. विकायच्या करडांसाठी तसा बोकड वापरायचा तर वापरा, पण पुढे ठेवायच्या पाठी त्याच्या नकोत. मोठ्या अंगाला चाराही मोठा लागतो, आणि आपल्याकडे मार्चनंतर चारा कुठे असतो?

आता हिशेबाची गोष्ट. व्याज काढता येतं तशी ही रीतही जमेल. गावात 30 शेळ्या आणि एकच बोकड. चार गुणिले नर गुणिले माद्या, आणि त्याला नर अधिक माद्या या बेरजेने भागायचं. 4 गुणिले 1 गुणिले 30 म्हणजे 120. भागिले 31. उत्तर साधारण 4. म्हणजे दिसायला 31 जनावरं, पण रक्ताच्या हिशेबाने चारच! दोन बोकड केले तर साडेसात, तीन केले तर जवळपास 11. माद्या वाढवून हा आकडा फारसा वाढत नाही, बोकड वाढवले की वाढतो. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना सांगते की जात टिकवायला हा आकडा किमान 50 हवा. त्याखाली सगोत्र पैदास झपाट्याने वाढते. त्यातून करडं अशक्त होतात, मरतुक वाढते, शेळ्या उलटतात. बाप-लेकीच्या करडात तर चौथा हिस्सा रक्त दोन्ही बाजूंनी एकच येतं.

त्यात आपला बाजार उलटा. जो बोकड सगळ्यांत दांडगा, तोच बकरी ईदच्या आधी विकला जातो. गावात राहतो तो मागे पडलेला. बियाणं निवडताना आपण टपोरं कणीस बाजूला ठेवतो आणि उरलेलं विकतो. बोकडाच्या बाबतीत नेमकं उलट करतो.

उपाय आपल्या हातात आहे. एका प्रभागात 15 गटांनी एक-एक चांगला बोकड ठेवला आणि गटागणिक 30 शेळ्या धरल्या, तर 15 बोकड, 450 शेळ्या. त्याच रीतीने हिशेब करा: 58 येतो. पन्नासच्या वर! मात्र बोकड फिरते हवेत. पहिल्या गावचा दुसऱ्या गावाला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, पंधराव्याचा पहिल्याला. फिरवायचा कधी? त्याच्या लेकी माजावर यायच्या आत. पाठ सात-आठ महिन्यांत माजावर येऊ शकते, आणि पाच महिने तर गाभणच असते. म्हणून बोकड आणल्यापासून वर्षाच्या आत अदलाबदल करायची.

बोकड निवडताना तो जुळ्यातला आहे का, त्याच्या आईला करडांना पुरेल इतकं दूध होतं का, हे विचारा. तो पैदाशीपुरता वाढेपर्यंत विकू नका, गटाने मिळून त्याची किंमत उचला. जे बोकड पैदाशीला नकोत, ते तीन महिन्यांचे झाले की वेगळे बांधा किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात खच्ची करून घ्या, कारण चार-पाच महिन्यांचा पोरसवदा बोकडही बहिणीला भरवतो. प्रत्येक शेळीच्या कानात बिल्ला हवा, आणि गटाच्या वहीत चार रकाने: करडाचा बिल्ला, आई, बाप, तारीख. कर्नालची प्रयोगशाळा रक्तातून जी वंशावळ वाचते, तिची सुरुवात आपल्या वहीतून होऊ शकते.

महाराष्ट्रात एक कोटीहून जास्त शेळ्या आहेत. आकडा बघून वाटतं, यांना कसला धोका? पण धोका शेळी संपण्याचा नाही, आपली शेळी संपण्याचा आहे. तीच शेळी, जी कर्जाचा हप्ता फेडते आणि पावसाने दगा दिला तरी वीत राहते.

येत्या बैठकीत बचतीच्या हिशेबानंतर एक प्रश्न नक्की घ्या: आपल्या गावात पैदाशीचे बोकड किती, आणि ते कुणाचे? उत्तर वहीत लिहा आणि शेजारच्या गावच्या गटाला निरोप धाडा. सोयरीक जुळवायची आहे म्हणावं.